हायब्रिड मोटारगाडीतील अनपेक्षित वेगवाढ : कारणमीमांसा आणि दोषशोधनाची पद्धत

गोषवारा :
हायब्रिड मोटारगाडी चालकाने न सांगता वेग घेते, अशी तक्रार अधूनमधून ऐकू येते. अशा प्रसंगी यंत्राचा दोष की चालकाची चूक, असा वाद लगेच सुरू होतो. प्रस्तुत लेखात या गाडीची रचना समजावून घेऊन ‘अनपेक्षित वेगवाढ’ या एकाच नावाखाली येणाऱ्या चार भिन्न घटना वेगळ्या केल्या आहेत आणि त्यांच्या तपासाचा क्रम सांगितला आहे.

प्रस्तावना :
‘गाडी आपोआप पळाली’ हे विधान दुरुस्ती केंद्रात, पोलीस ठाण्यात आणि प्रसंगी न्यायालयातही केले जाते. २८ ऑगस्ट २००९ रोजी अमेरिकेतील सॅन दिएगोजवळ लेक्सस ईएस ३५० ही गाडी भरधाव वेगाने आदळून चार जणांचा मृत्यू झाला. ही गाडी हायब्रिड नव्हती. परंतु अनपेक्षित वेगवाढीची पुढील सारी चर्चा याच अपघातापासून पेटली. चालक महामार्ग पोलीस दलातील अनुभवी अधिकारी होते. तपासात असे आढळले की, विक्रेत्याने तात्पुरत्या वापरासाठी दिलेल्या या गाडीत दुसऱ्या मॉडेलचे रबरी पायपुसणे, म्हणजे मॅट, घातलेले होते आणि अ‍ॅक्सिलरेटरचे पेडल त्यात अडकले होते. त्याच गाडीत काही दिवस आधी दुसऱ्या एका ग्राहकाला हाच अनुभव आला होता व त्याने तो विक्रेत्याकडे तोंडी सांगितला होता, हेही पोलीस तपासात नमूद झाले.

याच्या नेमके उलट उदाहरण जपानमधील आहे. १९ एप्रिल २०१९ रोजी टोकियोच्या इकेबुकुरो भागात ८७ वर्षांच्या चालकाच्या प्रियस या हायब्रिड गाडीने एका मातेचा व तिच्या लहान मुलीचा बळी घेतला. ब्रेक दाबूनही गाडी थांबली नाही, असे चालकाचे म्हणणे होते. टोकियो जिल्हा न्यायालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये ते अमान्य केले. ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटर दाबला गेला, असा निष्कर्ष काढून चालकास पाच वर्षांची शिक्षा सुनावण्यात आली.

पहिल्या घटनेत चालकास दोष देणे चुकीचे ठरले असते, तर दुसऱ्या घटनेत यंत्रास. म्हणून दोष कोणाचा हा प्रश्न नंतरचा होय. नेमके काय घडले हा प्रश्न पहिला. भारतात २०२२ पासून ग्रँड विटारा, हायरायडर, इनोव्हा हायक्रॉस, होंडा सिटी अशा गाड्यांच्या हायब्रिड आवृत्त्या सर्वसामान्य कुटुंबांपर्यंत पोहोचल्या आहेत. त्यामुळे हा विषय आपल्याही रस्त्यांचा झाला आहे.

लेखाची उद्दिष्टे :
१) हायब्रिड गाडीच्या शक्तिवहनाचे तत्त्व थोडक्यात स्पष्ट करणे.
२) प्रत्यक्ष वेगवाढ आणि वेगवाढीचा भास यांतील फरक दाखविणे.
३) दोषशोधनाचा क्रम व आणीबाणीतील कृती सांगणे.

हायब्रिड गाडीची रचना :
येथे डिसेंबर १९९७ मध्ये जपानात विक्रीस आलेल्या टोयोटा प्रियसची रचना नमुना म्हणून घेतली आहे. या रचनेत पेट्रोल इंजिन व दोन विद्युत यंत्रे ग्रहीय दंतचक्रांच्या संचाने जोडलेली असतात. मधले ‘सूर्यचक्र’ पहिल्या विद्युत यंत्राशी, भोवती फिरणाऱ्या ‘ग्रहचक्रांची’ चौकट इंजिनाशी, तर बाहेरचे कड्यासारखे चक्र दुसऱ्या, मोठ्या विद्युत मोटरशी व पर्यायाने चाकांशी जोडलेले असते. पहिले विद्युत यंत्र कमी-अधिक गतीने फिरवून संगणक इंजिनाची गती ठरवितो. म्हणजेच नेहमीच्या गिअरच्या गाडीत चाकांची गती व इंजिनाची गती यांचे जे पक्के गुणोत्तर असते, ते येथे नसते.

दुसरी बाब अ‍ॅक्सिलरेटरची. पेडल व इंजिन यांच्यामध्ये तार नसते. पेडलवरील सेन्सर पायाचा दाब विद्युत दाबाच्या रूपाने संगणकास कळवितो. हा संदेश एका वेळी दोन स्वतंत्र मार्गांनी जातो. दोन्ही आकड्यांत ठरावीक अंतर असावे लागते. ते बिघडल्यास संगणक दोषसंकेत नोंदवितो आणि शक्ती मर्यादित करतो.

तिसरी बाब ब्रेकची. चालक ब्रेक हलका दाबतो तेव्हा विद्युत मोटर जनित्राचे काम करून गतिज ऊर्जेचे विजेत रूपांतर करते व ती बॅटरीत साठविते. आवश्यकतेनुसार द्रवदाबाचे, म्हणजे नेहमीचे घर्षण ब्रेक तिच्या मदतीस येतात. चालकाच्या पायाखाली पेडल एकच असते, परंतु मंदन निर्माण करणाऱ्या यंत्रणा दोन असतात.

वेगवाढीच्या चार घटना :

(अ) आवाज वाढतो, वेग वाढत नाही.
सकाळी थंड इंजिन गरम होताना किंवा बॅटरी उतरल्यावर गाडी उभी असतानाही इंजिन मोठ्याने चालू लागते. इंजिनाच्या आवाजावरून वेग ओळखण्याची सवय असलेल्या चालकास हीच वेगवाढ वाटते. स्पीडोमीटरचा काटा मात्र हललेला नसतो.

(आ) वेग वाढत नाही, मंदन घटते.
तक्रारींमधील हा भाग सर्वाधिक फसवा आहे. समजा, ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी दर सेकंदास १.५ मीटर प्रतिसेकंद या प्रमाणात मंद होत आहे. तेवढ्यात चाक खड्ड्यातून किंवा सैल वाळूवरून गेले व क्षणभर घसरले. घसरण ओळखताच संगणक विजेचा ब्रेक काढून घेतो व काम घर्षण ब्रेककडे सोपवितो. या हस्तांतरात अर्धा सेकंद मंदन थांबले, तर एरवी जो वेग ताशी सुमारे २.७ किलोमीटरने घटला असता, तो तसाच राहतो. वेग वाढलेला नाही. परंतु ब्रेकमुळे पुढे झुकलेले शरीर मागे आसनावर टेकते. गाडी प्रत्यक्ष वेग घेते तेव्हाही शरीर मागेच टेकते. आपल्या शरीरास वेगापेक्षा त्वरणातील बदल जाणवतो. त्यामुळे मंदनाचा अभाव हा त्वरणासारखाच भासतो. चालकाची तक्रार खोटी नसते, तिचे वर्णन चुकलेले असते. फेब्रुवारी २०१० मध्ये टोयोटाने नव्या प्रियससह सुमारे ४ लाख ३७ हजार हायब्रिड गाड्या ब्रेक-नियंत्रणाच्या संगणक-आज्ञावलीत सुधारणा करण्यासाठी परत बोलाविल्या. ती सुधारणा याच स्वरूपाच्या तक्रारींशी संबंधित होती.

घाटाच्या उतारावर याच घटनेचे दुसरे रूप दिसते. सुमारे १५०० किलोग्रॅम वजनाची गाडी ५०० मीटर खाली उतरते तेव्हा तिची स्थितिज ऊर्जा सुमारे ७३.५ लाख ज्यूल, म्हणजे जवळजवळ २ युनिट विजेइतकी, घटते. तिसऱ्या पिढीच्या प्रियसच्या मुख्य बॅटरीची एकूण क्षमता सुमारे १.३ युनिट होती आणि तिचाही काही भागच नित्य वापरात येतो. हवेच्या व टायरच्या विरोधात खर्च होणारी ऊर्जा वजा केली, तरी पसरणीसारखा घाट उतरताना बॅटरी वाटेतच भरू शकते. बॅटरी भरली की विजेचा ब्रेक जवळजवळ नाहीसा होतो. जादा वीज खर्च करण्यासाठी संगणक पहिल्या विद्युत यंत्राने इंजिन नुसतेच फिरवितो. परिणामी मंदन घटते आणि त्याच वेळी इंजिन गरजते. चालकास वाटते, गाडी उतारावर स्वतःहून पळू लागली. वस्तुतः येथे घर्षण ब्रेक शाबूत असतो. आधीपासूनच ‘बी’ या स्थितीत गाडी ठेवून उतरणे व ब्रेक ठामपणे वापरणे हा त्यावरील उपाय होय.

(इ) वेग वाढतो, कारण पेडल दाबलेले असते.
यात पेडल मॅटखाली अडकणे, पाय चुकीच्या पेडलवर पडणे व क्रूझ नियंत्रण चालू राहणे ही कारणे येतात. २००९ मध्ये मॅटच्या कारणावरून अमेरिकेत परत बोलाविण्यात आलेल्या गाड्यांत २००४ ते २००९ च्या प्रियसचाही समावेश होता. आपल्याकडे कंपनीच्या मॅटवर आणखी एक जाड मॅट टाकण्याची पद्धत सर्रास आहे, हे येथे लक्षात घ्यावे. हायब्रिड गाडीबाबत एक वेगळा धोकाही आहे. सिग्नलवर किंवा वाहनतळात इंजिन पूर्ण शांत असते. गाडी बंद आहे अशा समजुतीने चालक उतरू लागतो, पाय पेडलवर पडतो आणि गाडी झेप घेते.

पाय चुकण्याची घटना नवी नाही. १९८९ मध्ये अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने ऑडी ५००० च्या तक्रारींनंतर केलेल्या अभ्यासात अशा बहुतांश घटनांचे कारण हेच दिले होते. तथापि त्यानंतर ब्रेक दाबल्याशिवाय गिअर न पडणारी रचना रूढ झाली, हेही महत्त्वाचे आहे. माणसाची चूक मान्य केली तरी ती टाळणारे यंत्र घडविणे अभियंत्याचे कर्तव्य राहतेच.

(ई) पेडल दाबलेले नसताना वेग वाढतो.
ही घटना अत्यंत विरळा, पण सर्वांत गंभीर. टोयोटाच्या गाड्यांबाबत अमेरिकी शासनाने नासाच्या अभियंत्यांकडून दहा महिने तपासणी करून घेतली. फेब्रुवारी २०११ च्या अहवालात मोठी वेगवाढ घडविणारा इलेक्ट्रॉनिक दोष आढळला नसल्याचे म्हटले होते. मात्र दोष सापडला नाही म्हणजे तो असूच शकत नाही, असा दावा नासाने केला नाही. तक्रार असलेल्या एका गाडीच्या पेडल-सेन्सरमध्ये कथिलाचे केसासारखे सूक्ष्म तंतू वाढल्याचेही तपासात दिसले होते. पुढे ऑक्टोबर २०१३ मध्ये ओक्लाहोमा येथील ज्यूरीने २००५ च्या कॅमरीच्या अपघाताबाबत कंपनीविरुद्ध कौल दिला. म्हणून ही शक्यता तपासाच्या अखेरीस यावी, पण वगळली जाऊ नये.

दोषशोधनाचा क्रम :
१) प्रथम तक्रार चालकाच्या शब्दांत लिहून घ्यावी. स्पीडोमीटरचा आकडा वाढला काय, त्या वेळी पाय कोठे होता, रस्ता कसा होता, क्रूझ नियंत्रण चालू होते काय, कोणता दिवा लागला, हे विचारावे. तोंडी सांगितलेली तक्रार हवेत विरते. सॅन दिएगोचे उदाहरण त्यासाठी पुरेसे आहे.
२) कशालाही हात लावण्यापूर्वी मॅट व पेडलचे छायाचित्र घ्यावे. नंतर पेडल पूर्ण दाबून सोडावे व ते विनाअडथळा परत येते काय, हे पाहावे.
३) बॅटरीची तार काढण्यापूर्वी निदान-उपकरण जोडून दोषसंकेत व त्या क्षणाच्या नोंदी उतरवून घ्याव्यात. पेडल-सेन्सरच्या दोन संदेशांत तफावत असल्यास ‘पी २१३८’ हा संकेत येतो. संकेत आधी पुसल्यास पुरावाच नष्ट होतो.
४) पेडल सावकाश दाबत दोन्ही सेन्सरचे आकडे सलग वाढतात काय, हे पाहावे. मध्येच उडी आल्यास संपूर्ण पेडल-संच बदलावा.
५) १२ व्होल्टची साहाय्यक बॅटरी तपासावी. ती क्षीण असल्यास अनेक असंबद्ध संकेत एकदम उमटतात.
६) ब्रेकचा स्विच, चाकांचे गतिसेन्सर, टायरमधील हवा आणि कंपनीने जाहीर केलेल्या आज्ञावलीच्या सुधारणा पडताळाव्यात.
७) अपघात झाला असल्यास गाडीतील घटना-नोंदयंत्राची माहिती तज्ज्ञाकडून काढून घ्यावी. त्यात धडकेपूर्वीच्या साधारण पाच सेकंदांतील वेग, पेडल व ब्रेक यांच्या नोंदी असतात. तथापि हे यंत्र पाय पाहत नाही, सेन्सरचा संदेश लिहिते. म्हणून या नोंदी रस्त्यावरील खुणा व साक्षी यांच्याशी ताडून पाहाव्यात.

नारिंगी रंगाच्या तारांना अप्रशिक्षित कारागिराने स्पर्श करू नये. तिसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये बॅटरीचा दाब २०१.६ व्होल्ट असून मोटरसाठी तो ६५० व्होल्टपर्यंत वाढविला जातो.

आणीबाणीतील कृती :
वेग खरोखर वाढत असल्यास ब्रेक एकदाच, पूर्ण जोराने दाबून धरावा. हलका व वारंवार दाबल्यास ब्रेक तापून निकामी होण्याचा धोका असतो. प्रियसमध्ये ब्रेक व अ‍ॅक्सिलरेटर एकत्र दाबले गेल्यास शक्ती तोडण्याची सोय आहे. त्याच वेळी गाडी ‘एन’ म्हणजे न्यूट्रल स्थितीत न्यावी. प्रियसमध्ये त्यासाठी दांडा क्षणभर ‘एन’कडे धरून ठेवावा लागतो. तेही न साधल्यास पॉवरचे बटण सुमारे तीन सेकंद दाबून ठेवावे. नुसते दाबून सोडल्यास धावती गाडी बंद होत नाही. आपल्या गाडीची नेमकी रीत पुस्तिकेत वाचून, रिकाम्या मैदानात कमी वेगाने ‘एन’चा सराव करून ठेवणे इष्ट. संकटाच्या क्षणी हात केवळ सवयीचेच काम करतो.

निष्कर्ष :
१) ‘अनपेक्षित वेगवाढ’ ही एक घटना नसून चार भिन्न घटनांचे समान नाव आहे.
२) हायब्रिड गाडीत इंजिनाचा आवाज व शरीराची जाणीव ही वेगाची विश्वसनीय प्रमाणे नाहीत, स्पीडोमीटरची नोंद हे पहिले प्रमाण होय.
३) मंदनातील घट हा दोष नसला तरी धोका आहे. वाहन विकताना विक्रेत्याने तिची कल्पना ग्राहकास द्यावयास हवी.
४) तपासाचा क्रम साध्याकडून गुंतागुंतीकडे असावा आणि पुरावा राखून ठेवणे ही त्याची पहिली पायरी असावी.

चालकाच्या पायाकडे किंवा गाडीच्या संगणकाकडे आधीच बोट दाखविणाऱ्या तपासातून सत्य हाती लागत नाही. सॅन दिएगोत आधीच्या ग्राहकाचे ते वाक्य वेळीच कागदावर उतरले असते आणि कोणी वाकून ते मॅट पाहिले असते, तर चार माणसे वाचण्याची शक्यता होती. दोषशोधनाच्या शिस्तीचे मोल यापेक्षा अधिक स्पष्ट करणारे उदाहरण सापडणे कठीण आहे.