बचतीचा शेजारधर्म

दिव्याचे बटण दाबले की उजेड पडतो, आणि विजेची वाटचाल त्या बटणापासूनच सुरू झाली असे आपणांस वाटते. वस्तुतः ती कित्येक कोसांवरच्या कोळशाच्या भट्टीपासून सुरू झालेली असते. औष्णिक केंद्रात जळणाऱ्या कोळशाच्या उष्णतेपैकी सुमारे एकतृतीयांश भागच विजेत उतरतो. त्यातूनही काही वीज वाटेत तारांमध्ये खर्ची पडते. म्हणजे कोळशावरच्या विजेचे एक युनिट घरी वाचले, की भट्टीपाशी तीन युनिटांहून अधिक उष्णता वाचते. हा हिशेब ध्यानी आला म्हणजे काटकसर ही केवळ आपल्या बिलापुरती बाब राहत नाही.

या दिशेने शासनाने पावले उचलली आहेत. २००१ साली ऊर्जा संवर्धन कायदा झाला, २००२ साली ऊर्जा दक्षता ब्यूरो स्थापन झाला, २००६ पासून उपकरणांवर तारे छापलेल्या चिठ्ठ्या दिसू लागल्या, आणि २०१५ साली सुरू झालेल्या उजाला योजनेतून ३६ कोटींहून अधिक एलईडी दिवे घरोघर पोहोचले. परंतु कायदा काही आपल्या स्वयंपाकघरात येऊन भांड्यावर झाकण ठेवीत नाही. ते काम शेजाऱ्याने शेजाऱ्याला सांगूनच होते.

याचे एक बोलके उदाहरण केरळात आहे. विज्ञानाची पुस्तके मल्याळम भाषेत लोकांपर्यंत न्यावीत, या हेतूने १९६२ साली केरळ शास्त्र साहित्य परिषद स्थापन झाली. पुढे तिच्या कार्यकर्त्यांनी पुस्तकांबरोबर चूलही हाती घेतली. लाकूड कमी खाणारी आणि धूर धुराड्यावाटे घराबाहेर सोडणारी सुधारलेली चूल त्यांनी १९८० नंतरच्या दशकात तयार केली. ती बांधण्याचे शिक्षण घेतलेले लोक गावोगाव जाऊन घरच्या चुलीच्या जागीच ती उभारून देऊ लागले. तिच्या जोडीला उष्णता कोंडून ठेवणारी पेटीही आली. तांदूळ काही मिनिटे उकळावा, भांडे पेटीत ठेवून झाकण लावावे. पुढचे शिजणे कोंडलेल्या उष्णतेवर आपोआप होते. केरळातील जाड उकडा तांदूळ शिजण्यास फार वेळ घेतो, हे लक्षात घेतले म्हणजे या साध्या पेटीचे मोल कळते. १९९६ साली या परिषदेला राइट लाइव्हलीहूड हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

याच काळातील दुसरा अनुभवही विसरता कामा नये. सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम देशभर चालला आणि २००२ साली थांबला. त्यातील पुष्कळ चुली तडकल्या, धुराडी काजळीने तुंबली, आणि दुरुस्तीस कोणी न फिरकल्याने गृहिणी पुन्हा तीन दगडांकडे वळल्या. दोष त्यांचा नव्हता. एकदाच येणारा माणूस सूचना देऊन जातो. दुसऱ्यांदा येणारा अडचण ऐकून घेतो. प्रचाराचे खरे यश त्या दुसऱ्या भेटीत असते.

आपल्या गल्लीत हे काम करावयाचे असेल, तर व्याख्यानाऐवजी विजेचे बिल घेऊन बसावे. ६० वॅटचा जुना दिवा रोज पाच तास जळला, तर महिन्यास ९ युनिटे लागतात; ९ वॅटचा एलईडी दिवा तेवढ्याच वेळात दीड युनिटही घेत नाही. ७५ वॅटचा पंखा बारा तास फिरला, तर महिन्यास २७ युनिटे जातात. नव्या प्रकारचा ३० वॅटचा पंखा ११ युनिटांत भागवितो. वातानुकूलन यंत्राचे तापमान एका अंशाने वाढविले, तर त्याची सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ब्यूरो सांगतो. डाळ आधी भिजवावी, भांड्यावर झाकण ठेवावे, उकळी फुटताच आच मंद करावी; या गोष्टी आपल्या आजींना ठाऊक होत्याच. त्यामागचे कारण मात्र मुलांना सांगावे; ती घरभर हिशेब करीत फिरतात.

एक भान अवश्य राखावे. ज्या घरी एकच दिवा आहे, तेथे तो मालवा असे सांगण्यास जाऊ नये. तेथे चांगला दिवा किंवा बिनधुराची चूल कशी मिळेल, याचीच चौकशी करावी. काटकसरीचा आग्रह प्रथम आपल्या घरी, मग आपल्याहून संपन्न घरी धरावा. अभ्यासाचा उजेड आणि गृहिणीचा श्वास यांच्यावर बचतीचा भार पडता कामा नये.

१४ डिसेंबर हा राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी आपण शेजारच्या चार घरी जावे, आणि महिन्याभराने त्याच चार घरी पुन्हा जावे. एवढे झाले, तरी त्या दिवसाचे सार्थक होईल.