अर्धा डांबरी, अर्धा रांगडा

अमेरिकेत कारपेक्षा पिकअपची ऐट मोठी. फोर्डच्या एफ-सिरीजने सर्वाधिक खपाचा ट्रक म्हणून १९७७ पासून तिथला पहिला नंबर सोडलेला नाही. पिकअप दारात आली की पुढचा खर्चही ठरलेलाच: कंपनीचे टायर काढा आणि दांडगे टायर चढवा! दुकानात तीन जमाती भेटतात. सगळीकडे चालणारा ऑल-टेरेन म्हणजे ए/टी, चिखलात लोळणारा एम/टी, आणि दोघांच्या मधला हायब्रिड, ज्याला दुकानदार आर/टी म्हणतात. याचे खांदे एम/टीसारखे राकट आणि मधली नक्षी ए/टीसारखी दाट. घ्यायचा कोणता, ते शेवटी ठरवू. आधी जरा गमती.

भाऊबंदकी
हलक्या ट्रकसाठीचा ऑल-टेरेन रेडियल बाजारात आला १९७६ मध्ये, बीएफगुडरिचकडून. आजही या धंद्यात बाकीच्यांची तुलना त्याच्याशीच होते. हायब्रिडमध्ये दोन नावं सतत कानावर येतात: टोयोचा ओपन कंट्री आर/टी आणि निट्टोचा रिज ग्रॅपलर. या दोघांपैकी चांगला कोणता, यावर मित्रामित्रांत जुंपते. गंमत म्हणजे निट्टो ही टोयोचीच कंपनी. भांडा खुशाल, गल्ला एकाच घरात जातो!

४०० मैलांचा टायरवाला
मिकी थॉम्पसन हे टायरचं नाव आहे, तसं माणसाचंही. १९६० मध्ये बॉनव्हिलच्या मिठागरावर या गड्याने स्वतः बांधलेली गाडी ताशी ४०६ मैलांनी पळवली. ताशी ४०० मैलांची वेस ओलांडणारा तो पहिला अमेरिकन. तीन वर्षांनी त्याने टायरची कंपनी काढली.

एक टायर, दोन चेहरे
रिज ग्रॅपलरच्या दोन बाजूंवर दोन वेगळ्या नक्ष्या असतात. कोणती बाहेर दाखवायची ते मालकाने ठरवायचं. काही कंपन्या एका बाजूला पांढरी ठळक अक्षरं देतात. साधेपणा आवडणारे ती बाजू आत फिरवतात, मिरवणारे बाहेर ठेवतात. पकडीत काडीचा फरक पडत नाही, गल्लीतल्या वटीत मात्र पडतो.

गोंगाटाची फोडणी
नक्षीचे सगळे ठोकळे एकाच मापाचे असते तर हायवेवर एकाच सुरात भुंगा लागला असता. म्हणून टायरवाले ठोकळ्यांची लांबी मुद्दाम कमी-जास्त ठेवतात. आवाज तेवढाच होतो, पण तो अनेक सुरांत विखुरला गेल्यामुळे कानाला कमी खुपतो. हायब्रिड टायर एम/टीपेक्षा शांत वाटतो, त्यात या युक्तीचाही वाटा आहे. तरीही तो ए/टीपेक्षा बोलका असतो आणि झिजत गेला की आणखी बडबडतो.

ब्लेडने मारलेल्या चिरा
ठोकळ्यांवर ज्या बारीक चिरा दिसतात, त्यांचं पेटंट १९२३ चं. जॉन साइप नावाच्या माणसाने कत्तलखान्याच्या ओल्या फरशीवर पाय घसरू नये म्हणून बुटाच्या रबरी तळव्याला चिरा पाडल्या, अशी गोष्ट सांगतात. ओल्या डांबरावर आणि बर्फावर या चिरांच्या कडा पकड देतात. एम/टीमध्ये त्या थोड्याच असतात आणि पावसात त्याची पंचाईत होते ती इथेच. हायब्रिड घेताना मधल्या ठोकळ्यांवर चिरा किती आहेत ते वाकून बघा.

दहा थरांचा, म्हणजे किती थरांचा?
‘लोड रेंज ई, टेन प्लाय’ ऐकलं की रबराखाली दहा थर असतील असं वाटतं. बाजूची भिंत फोडून पाहिली तर बहुधा दोन किंवा तीनच निघतील! सुती दोऱ्याच्या काळात ताकद थरांनी मोजत. दोरा बदलला, ताकद वाढली, आकडा तसाच राहिला. त्याचा आजचा अर्थ एवढाच की हा टायर ८० पीएसआयपर्यंत हवा आणि त्या बेताने ओझं पेलतो. त्याची किंमत वजनात मोजावी लागते. त्याच मापाच्या साध्या टायरपेक्षा एकेक टायर पाच-सहा किलोंनी सहज जड भरतो आणि ते वजन इंधन पितं. जड ट्रेलर ओढत नसाल तर ‘ई’चा हट्ट कशाला?

डोंगर हवा, अक्षरं नकोत
‘एम+एस’ ही अक्षरं चिखल आणि बर्फाचा दाखला वाटतात, पण ती मिळतात फक्त नक्षीच्या मापांवरून. बर्फात परीक्षा होत नाही. तीन सुळक्यांच्या डोंगरात हिमकण असलेलं चिन्ह १९९९ मध्ये आलं. ते हवं असेल तर टायरला दाबलेल्या बर्फावर ओढ सिद्ध करावी लागते. पण त्या परीक्षेतही वेग घेण्याची ओढ मोजतात. ब्रेक आणि वळणं अभ्यासक्रमाबाहेर! मिशिगन-मिनेसोटातल्या मराठी मंडळींनी हे ध्यानात ठेवावं.

काटा खोटं बोलतो
२६५/७०आर१७ काढून २८५/७०आर१७ घातला तर चाकाचा व्यास ८०३ मिलिमीटरवरून ८३१ वर जातो, म्हणजे साडेतीन टक्के वाढ. आधी बरोबर असलेला स्पीडोमीटरचा काटा १०० दाखवेल तेव्हा गाडी १०३ च्या पुढे असेल. ओडोमीटर उलट मागे पडतो: लाख किलोमीटर धावलेल्या गाडीची नोंद सुमारे ९६,६०० होते. जुनी पिकअप घेताना टायरचं माप आधी वाचा!

मोठेपणाची हद्द
बिगफूट ५ या १९८६ च्या मॉन्स्टर ट्रकचे टायर दहा फूट उंच आहेत. ते मुळात अमेरिकन लष्कराच्या बर्फाळ मुलखात चालणाऱ्या अजस्र मालगाडीचे. तुमच्या पिकअपला दोन इंच वाढवलेत तरी चाक पूर्ण वळवल्यावर ते आत कुठे घासतं का, हे बघावंच लागतं.

हवा सोडा, पुढे चला
२००७ मध्ये ‘टॉप गिअर’ या टीव्ही कार्यक्रमाच्या मंडळींनी टोयोटा हायलक्स गोठलेल्या समुद्रावरून उत्तर चुंबकीय ध्रुवाच्या १९९६ मधल्या जागी नेली. ध्रुव तोवर सरकला होता, तो भाग वेगळा! बर्फात आणि वाळूत टायरची हवा कमी केली की तो पसरतो, जमिनीवरचा ठसा लांबतो आणि गाडी रुतत नाही. डांबरावर परतताना हवा भरायला विसरलात तर टायर तापून फुटू शकतो. कॉम्प्रेसर जवळ असू द्या.

लिंकनचं डोकं
एक सेंटचं नाणं उलटं धरून खाचेत घाला. लिंकनचं पूर्ण डोकं दिसलं तर नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली गेली, टायर गोटा झाला. हे नाणं चलनासाठी पाडणं २०२५ मध्ये बंद झालं, पण टायर तपासायला ते अजून बरीच वर्षं पुरेल.

माशांचा वैरी
पावसानंतर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ओढ्यांत कोहो साल्मन मासे मरत. २०२० मध्ये संशोधकांना कारण सापडलं. रबर तडकू नये म्हणून घातलेल्या रसायनाचा ओझोनशी संयोग होऊन विष तयार होतं आणि ते टायरच्या झिजेतून पाण्यात उतरतं. टायर सावकाश झिजवणं मालकाच्या खिशाच्या आणि माशांच्याही भल्याचं.

आणि आपल्याकडे?
इसुझू व्ही-क्रॉस आणि २०२२ मध्ये आलेली हायलक्स यांच्यामुळे हौशी पिकअपवाले महाराष्ट्रातही दिसू लागले. मात्र जून २०२० मध्ये सरकारने टायरची आयात परवान्याच्या चौकटीत आणली, त्यामुळे परदेशी नाव हवं असेल तर दम धरावा लागतो. विदर्भ-मराठवाड्यातली काळी माती पावसात दाट नक्षीत भरते आणि टायर गुळगुळीत होतो. तिथे रुंद खाचा माती बाहेर फेकतात, म्हणून हायब्रिड कामाला येतो. पुणे-मुंबई एक्स्प्रेसवेवर मात्र त्याच खाचा नुसता आवाज करतात.

आता निकाल
दहा दिवसांपैकी नऊ दिवस डांबरावर जात असतील तर डोंगर-हिमकणाचं चिन्ह असलेला साधा ए/टी घ्या. आठवड्यातून दोन-तीन दिवस खडी, दगड किंवा शेताची वाट असेल तर हायब्रिड. रोज चिखलच असेल तर एम/टी. घेताना बाजूच्या भिंतीवर ‘DOT’ने (डॉट) सुरू होणाऱ्या क्रमांकातले शेवटचे चार आकडे वाचा: २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. दुकानदाराने पाच वर्षं गोदामात मुरलेला टायर ‘नवा’ म्हणून पुढे केला, तर नमस्कार करा आणि पुढचं दुकान गाठा.