वार्धक्यातील स्वावलंबन आणि आहारातील कॅल्शियम

वृद्ध व्यक्ती किती स्वावलंबी आहे हे ठरवताना वैद्यकशास्त्रात सहा साधी कामे पाहिली जातात: आंघोळ, कपडे घालणे, शौचाला जाऊन येणे, अंथरुणातून किंवा खुर्चीतून उठणे-बसणे, मलमूत्रावरील ताबा आणि स्वतःच्या हाताने जेवणे. ही मोजपट्टी अमेरिकेतील डॉक्टर सिडनी कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये मांडली, आणि तिचा उगम खुब्याचे हाड मोडलेल्या रुग्णांच्या निरीक्षणातून झाला होता. खुबा मोडला की जेवण सोडून यांतील बहुतेक कामे एका दिवसात परस्वाधीन होतात आणि अनेकांना पूर्वीसारखे चालणे पुन्हा जमत नाही. कॅल्शियमचा वृद्धांच्या रोजच्या जगण्याशी असलेला संबंध प्रामुख्याने येथे आहे; घरोघरी मात्र तो भलतीकडेच जोडला जातो.

‘गुडघे दुखतात, म्हणजे कॅल्शियम कमी झाले’ हा त्यांतील सर्वांत रुजलेला समज. उतारवयातील गुडघेदुखी बहुधा सांध्यातील कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत आवरण, झिजल्यामुळे होते आणि कॅल्शियमच्या गोळीने ती कूर्चा भरून येत नाही. याउलट हाडे आतून विरळ होण्याचा विकार, ज्याला ऑस्टिओपोरोसिस म्हणतात, तो हाड मोडेपर्यंत सहसा दुखतच नाही. या गोंधळाचे नुकसान दुहेरी आहे: ज्यांचे काही दुखत नाही ते निर्धास्त राहतात, आणि ज्यांचे गुडघे गोळ्या घेऊनही दुखत राहतात ते ‘काही उपयोग नाही’ म्हणून कॅल्शियमचा विचारच सोडून देतात.

रक्ततपासणीत कॅल्शियम ‘नॉर्मल’ आले की हाडे ठणठणीत, हाही असाच समज आहे. शरीरातील सुमारे ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असते. उरलेल्या एक टक्क्यावर स्नायूंचे आकुंचन, नसांचे संदेशवहन आणि हृदयाचे ठोके अवलंबून असल्यामुळे रक्तातील पातळी शरीर काटेकोरपणे सांभाळते. आहारातून पुरवठा कमी पडला की गळ्यातील पॅराथायरॉइड ग्रंथींचे संप्रेरक हाडांतून कॅल्शियम काढून रक्तात आणते, म्हणजे हाडे झिजत असतानाही अहवाल उत्तम येऊ शकतो. हाडांची घनता कळते ती डेक्सा या क्ष-किरण तपासणीतून. तीत ‘टी-स्कोअर’ उणे २.५ किंवा त्याहून खाली असेल तर ऑस्टिओपोरोसिसचे निदान होते.

‘रोज पेलाभर दूध घेतो, मग झाले’ हे म्हणणे ताटातल्या हिशेबाने तपासता येते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार प्रौढांना रोज १००० मिलिग्रॅम आणि रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांना १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे. दिवसभरात चार पोळ्या, वाटीभर भात, तुरीचे वरण, बटाट्याची भाजी आणि दोन कप चहा एवढेच पोटात गेले तर जेमतेम २०० ते २५० मिलिग्रॅम मिळते, कारण गव्हाच्या शंभर ग्रॅम पिठात ते तीसेक मिलिग्रॅम आणि तांदळात त्याहूनही कमी असते. त्यात पेलाभर दुधाची भर घातली तरी निम्मी गरजही मुश्किलीने भागते. त्याच ताटात शंभर ग्रॅम नाचणीची भाकरी आली तर साडेतीनशेच्या आसपास भर पडते. वाटीभर दही आणि शेवग्याच्या किंवा राजगिऱ्याच्या पाल्याची भाजी असेल तर उरलेले अंतर बरेच भरून निघते. कोकणात आणि गोव्यात काट्यासकट खाल्ली जाणारी बारीक मासळी, जवळा, सुकट, हाही भक्कम स्रोत आहे.

आकडा मोठा दिसला म्हणजे तेवढे अंगी लागते असेही नाही. पालकातील ऑक्झलेट हे द्रव्य कॅल्शियमला बांधून ठेवत असल्याने त्यातील सुमारे पाच टक्केच शोषले जाते, तर दुधातील सुमारे तीस टक्के. गव्हाच्या दाण्याएवढा खायचा चुना रोज घेण्याचा सल्लाही सर्रास दिला जातो. पण तेवढ्या चुन्यातून अंदाजे दोन-तीन चमचे दुधाइतकेच कॅल्शियम मिळते, आणि चुना दाहक असल्यामुळे प्रमाण वाढवणे घातक ठरते.

मुतखड्याच्या भीतीने दूध-दही बंद करणे तर उलटेच फळ देते. अन्नातील कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला बांधते आणि ते मूत्रात कमी उतरते. इटलीत वारंवार खडे होणाऱ्या १२० पुरुषांवरील, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पुरेसे कॅल्शियम पण कमी मीठ आणि कमी मांसाहार घेणाऱ्यांना, कॅल्शियम तोडलेल्यांपेक्षा पाच वर्षांत खड्यांचा त्रास कमी झाला.

‘आता या वयात काय उपयोग?’ हा प्रश्न सर्वांत क्लेशदायक, कारण त्याचे उत्तर आशादायक असूनही तो विचारला जातो. ऑस्ट्रेलियातील ६० वृद्धाश्रमांत सात हजारांहून अधिक रहिवाशांवर झालेला अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचे सरासरी वय ८६ होते. निम्म्या वृद्धाश्रमांच्या जेवणात दूध, दही, चीज वाढवून कॅल्शियम सुमारे ७०० वरून ११४२ मिलिग्रॅमवर नेले, प्रथिनेही वाढली. दोन वर्षांत खुब्याचे अस्थिभंग ४६ टक्क्यांनी आणि पडण्याचे प्रमाण ११ टक्क्यांनी कमी आढळले. येथे प्रथिनांचा वाटा विसरून चालणार नाही, कारण तोल सावरून धरतात ते स्नायू. म्हणून संध्याकाळी नुसता मऊ भात खाऊन निजणाऱ्या आजी-आजोबांच्या ताटात दह्याबरोबर डाळ, अंडे किंवा मासळी येणे फार मोलाचे आहे. याउलट अमेरिकेतील ३६ हजार स्त्रियांच्या २००६ च्या अभ्यासात, ज्यांच्या आहारात कॅल्शियम आधीच बऱ्यापैकी होते, गोळ्यांनी खुब्याचे अस्थिभंग लक्षणीय घटले नाहीत, मुतखडे मात्र वाढले. तूट असेल तेथेच भर उपयोगी पडते.

आहाराने तूट भरत नसेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी घ्यावी. एका वेळी ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅल्शियम नीट शोषले जात नाही, कॅल्शियम कार्बोनेट जेवणाबरोबर घ्यावे लागते आणि थायरॉइडच्या गोळीपासून त्यात चार तासांचे अंतर ठेवावे लागते. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी ती परस्पर सुरूच करू नये.