पोलिश पानावरची आंबील

दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत आणि त्यानंतरही, १९४३ ते १९४८ या काळात, कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथील छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. सोव्हिएत राजवटीने १९४०-४१ मध्ये सैबेरिया आणि कझाकस्तानात हद्दपार केलेल्या आणि पुढे इराणमार्गे भारतात पोहोचलेल्या या लोकांत स्त्रिया आणि मुलेच अधिक होती. युद्धानंतर मायदेशी साम्यवादी सत्ता आल्यामुळे त्यांच्यापैकी अनेकांनी ब्रिटनमध्ये बिऱ्हाड केले. लंडनच्या साउथ केन्सिंग्टन भागातील ‘ओग्निस्को पोल्स्किए’ हा १९४० चा क्लब आणि ‘दाकीझ’ हे १९४७ चे उपाहारगृह याच स्थलांतराच्या काळातील असून, परदेशातील पोलिश भोजनगृहाला गमावलेल्या घराचे मोल कसे आले, हे त्यावरून उमगते.

अमरावती-अकोल्याकडचा पाहुणा अशा भोजनगृहात शिरला, तर पदार्थांच्या यादीतील डुकराचे मांस पाहून तो बिचकण्याचा संभव आहे. परंतु या पाकपरंपरेचा पाया धान्य, कोबी, बीट आणि आंबवण यांवर उभा आहे, आणि तो वऱ्हाडी माणसाला मुळीच परका नाही. ‘झुरेक’ हे सार त्याचा उत्तम दाखला होय. राय या धान्याचे पीठ कोमट पाण्यात कालवून, त्यात लसणाच्या पाकळ्या आणि तमालपत्र टाकून, बरणीच्या तोंडाला फडके बांधून ते चार-पाच दिवस ठेवतात. लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू वाढले की पीठ तळाशी बसते, वर धुरकट, आंबूस पाणी येते, आणि हे सगळे ढवळून उकळत्या रश्श्यात घातले की सार दाट होते. वऱ्हाडात महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला होणाऱ्या ज्वारीच्या आंबिलीत आंबटपणा मुख्यतः ताकाचा असतो, तर येथे तो पिठातच मुरतो. भरड धान्याला आंबटाची जोड देऊन त्याचे पातळ, पोटभरीचे अन्न करण्याची बुद्धी मात्र दोन्हीकडे एकच आहे. जेथे चिंच उगवत नाही आणि हिवाळा महिनोन्महिने हटत नाही, तेथे आंबवणाला पर्याय नव्हता. मीठ चोळून स्वतःच्याच पाण्यात आंबवलेल्या कोबीने, म्हणजे ‘कापुस्ता किशोना’ने, ताज्या भाजीवाचूनच्या त्या महिन्यांत क जीवनसत्त्वही पुरवले.

शाकाहारी पाहुण्याने मात्र डोळे उघडे ठेवावेत. ‘कार्चमा’ म्हणजे खेड्यातील जुन्या खाणावळीच्या धर्तीवर सजवलेल्या भोजनगृहात पाव आणि आंबवलेल्या काकडीबरोबर मातीच्या लहान भांड्यात जो पांढराशुभ्र गोळा पुढे येतो, तो लोण्यासारखा दिसला तरी ‘स्मालेत्स’, म्हणजे डुकराची चरबी, असतो. झुरेकमध्येही बहुधा उकडलेल्या अंड्याबरोबर सॉसेज असते. ‘पिएरोगी’ हा सर्वांत लाडका पदार्थ: मैद्याच्या पातळ पारीत सारण भरून, कडेला करंजीसारखी मुरड घालून ती उकळत्या पाण्यात सोडायची आणि तरंगू लागली की थोड्याच वेळात काढायची. ‘पिएरोगी रुस्किए’ या प्रकारात कुस्करलेला बटाटा, ‘त्वारुग’ नावाचे पनीरासारखे ताजे चीज आणि परतलेला कांदा एवढेच सारण असते. तरीही वर चरबीचे तळलेले तुकडे पेरण्याची रीत असल्याने, ते नकोत असे आधीच सांगणे इष्ट.

मांस वर्ज्य करण्याची परंपराही पोलंडला आहेच, आणि तिची थोरवी नाताळच्या आदल्या संध्याकाळी, ‘विगिलिया’च्या जेवणात दिसते. महालक्ष्म्यांच्या पानावर सोळा भाज्यांचा जसा मान, तसा तेथे बारा पदार्थांचा. मासे चालतात, मांस नाही. आंबवलेल्या बिटाचे लालभडक ‘बार्श्च’ आणि त्यात सोडलेल्या अळंबीच्या सारणाच्या इवल्या पुड्या हे त्या जेवणाचे भूषण असून, अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी एक पान रिकामे मांडून ठेवण्याचा प्रघात घरोघरी पाळला जातो.

रोजच्या जेवणासाठी सर्वांत उपयुक्त जागा म्हणजे ‘बार म्लेच्नी’, अर्थात दूध-उपाहारगृह. असे पहिले उपाहारगृह १८९६ मध्ये वॉर्सात एका दुग्धव्यावसायिकाने काढले. दूध, अंडी आणि पीठ यांवरच त्याची भिस्त होती. साम्यवादी काळात सरकारी अनुदानामुळे कामगार-विद्यार्थ्यांना तेथे स्वस्तात जेवता येई, आणि अनुदानाची ती सोय आजही पुरती बंद झालेली नाही. भिंतीवरचा फलक वाचून गल्ल्यावर पैसे भरायचे, पावती स्वयंपाकघराच्या खिडकीत द्यायची आणि ताट स्वतः उचलून आणायचे. बटाट्याची खरपूस धिरडी, त्वारुग भरलेले गोड पातळ घावन आणि फळे उकळून केलेले ‘कोम्पोत’ हे पेय एवढे मागवले, तर शिक्षणासाठी तेथे गेलेल्या वऱ्हाडी विद्यार्थ्याचे दुपारचे जेवण अंगावर न येता आणि खिशाला न जाचता होते.