इंजिन बदललेली मोटार : लोखंड आणि कागद यांचा मेळ

समृद्धी महामार्गाने नागपूरच्या मोटारशौकिनांच्या मनातील एक जुनी हौस पुन्हा जागी केली आहे. ७०१ किलोमीटर लांबीच्या या मार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी शेवटचा टप्पाही वाहतुकीस मिळाला. मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा देणारा रस्ता दाराशी आला, की एखादी दोन आसनी, बुटकी, वेगवान स्पोर्ट्स कार आपल्याही अंगणात असावी असे घरातील तरुणांना वाटणे स्वाभाविकच. नवी गाडी आवाक्याबाहेरची. म्हणून नजर जुन्या गाड्यांच्या बाजाराकडे वळते. तेथे दहा-पंधरा वर्षे वापरलेली परदेशी बनावटीची गाडी मूळ किमतीच्या लहानशा भागात मिळते, आणि विक्रेता कधी अभिमानाने, कधी सहज बोलल्यासारखे सांगतो, ‘इंजिन नवीन टाकले आहे.’

हे वाक्य गाडीचा गुण सांगते की दोष? दोन्हीही असू शकते. इंजिन बदलणे हा स्वतः दोष नव्हे. गाडीत बसवलेले लोखंड आणि तिच्या नोंदणीचा कागद यांचा मेळ नसणे, हा खरा दोष. खरेदीदाराने मुख्यतः हीच गोष्ट पारखून घ्यायची असते.

इंजिन का बदलले जाते?

वेगवान गाडीचे इंजिन हलके आणि जोरकस बनवलेले असते; त्यातील एखादा लहान भाग फसला तरी सारे यंत्र निकामी होऊ शकते. पोर्शे कंपनीच्या गाड्यांचे उदाहरण जगभर प्रसिद्ध आहे. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून २००८ पर्यंतच्या बॉक्स्टर आणि साध्या ९११ गाड्यांच्या इंजिनात ‘इंटरमीडिएट शाफ्ट’ नावाचा मधला दांडा असे. त्याच्या टोकाचे बेअरिंग काही गाड्यांत झिजून तुटे. मग धातूचा चुरा तेलातून सर्वत्र फिरे, झडपांचे वेळापत्रक बिघडे, पिस्टन झडपांवर आदळे आणि इंजिन दुरुस्तीपलीकडे जाई. अमेरिकेतील ग्राहकांनी सामुदायिक दावा लावला आणि तो २०१३ मध्ये तडजोडीने मिटला. पुढच्या पिढीच्या इंजिनातून तो दांडाच काढून टाकण्यात आला. त्यामुळे या काळातील गाडीत कारखान्याने दिलेले बदली इंजिन असेल, तर जाणकार ते कमीपणाचे मानत नाहीत. अशा इंजिनाच्या क्रमांकात ‘एटी’ ही अक्षरे आढळतात. अदलाबदल या अर्थाच्या ‘आउस्टाउश’ या जर्मन शब्दाची ती आद्याक्षरे होत.

मात्र ‘नवीन इंजिन’ या दोन शब्दांत चार निरनिराळ्या वस्तू लपलेल्या असू शकतात : कारखान्याचे कोरे इंजिन, कारखान्याने पुनर्बांधणी केलेले इंजिन, स्थानिक मिस्त्रीने बोअर करून पुन्हा जुळवलेले इंजिन, किंवा अपघातग्रस्त गाडीतून काढलेले, किती धावले याचा पत्ता नसलेले इंजिन. पहिल्यास पुढे बरेच आयुष्य असते, चौथ्यास कदाचित काहीच नाही. डॅशबोर्डवरील किलोमीटरचा आकडा येथे उपयोगी पडत नाही. तो गाडीच्या सांगाड्याचा प्रवास सांगतो, इंजिनाचा नव्हे.

कायद्याची बाजू

नोंदणी प्रमाणपत्रावर, म्हणजे आपल्या परिचयाच्या आरसी बुकावर, चेसिस क्रमांक आणि इंजिन क्रमांक हे दोन्ही नोंदलेले असतात. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदीतील तपशील आणि निर्मात्याचा मूळ तपशील यांत फरक पडेल असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. इंजिन बदलायचे तर परिवहन कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते आणि नवा क्रमांक प्रमाणपत्रावर चढवून घ्यावा लागतो. त्याच बनावटीचे, त्याच प्रकारचे इंजिन बसवणे आणि दुसऱ्या गाडीचे अधिक ताकदीचे इंजिन बसवणे या सर्वस्वी भिन्न गोष्टी आहेत. मूळ तपशिलात फेरफार चालणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंतचा कारावास किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षाही घातली.

ही काटेकोर नोंद किती महत्त्वाची असते, याचा प्रत्यय महाराष्ट्राला येऊन गेला आहे. २०१२ च्या दिल्लीतील वाहन प्रदर्शनात झळकलेली डीसी अवंती ही रेनो कंपनीचे दोन लिटरचे टर्बो इंजिन बसवलेली देशी स्पोर्ट्स कार. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी या गाड्यांसंबंधी गुन्हा नोंदवला. एकाच इंजिन आणि चेसिस क्रमांकावर एकाहून अधिक गाड्यांची नोंदणी झाल्याचा आणि त्यावर कर्जे उचलल्याचा आरोप त्यात होता. आरोपांचा निवाडा न्यायालयाने करायचा. परंतु अशा प्रकरणात गाडी जप्त होते तेव्हा तिच्यासाठी पैसे मोजणाऱ्याच्या हाती काय उरते, याचा विचार प्रत्येक खरेदीदाराने करावा.

नागपुरात तपासायच्या गोष्टी

नागपुरात नोंदलेल्या गाड्यांवर शहराचा एमएच-३१, ग्रामीणचा एमएच-४० आणि पूर्व नागपूरचा एमएच-४९ असे क्रमांक असतात. गाडी यांपैकी ज्या कार्यालयातली असेल, तेथील नोंद आणि प्रत्यक्ष इंजिन यांचा ताळा पाहणे ही पहिली पायरी. परिवहन विभागाच्या एमपरिवहन ॲपवरही प्राथमिक माहिती मिळते. चेसिस क्रमांकावर कागद धरून पेन्सिलने ठसा घेण्याची जुनी रीत आजही उपयोगी आहे. घासलेला वा पुन्हा कोरलेला आकडा डोळ्यांना दिसला नाही, तरी ठशात उमटतो.

स्वस्त स्पोर्ट्स कार अनेकदा दिल्लीहून आलेली असते. राजधानी परिसरात १५ वर्षांवरील पेट्रोल आणि १० वर्षांवरील डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून अशा गाड्या इतर राज्यांत विकल्या जाऊ लागल्या. गाडी परराज्यातील असल्यास फॉर्म २८ चे ना हरकत प्रमाणपत्र हवे. ती बारा महिन्यांहून अधिक काळ येथे ठेवायची, तर नवा क्रमांक घेणे बंधनकारक आहे आणि महाराष्ट्राचा करही भरावा लागतो. हा खर्च गाडीच्या किमतीत धरूनच सौद्याला बसावे. गाडी चोरीची नाही ना, हे राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या ‘वाहन समन्वय’ सेवेतून पाहता येते. इंजिनाच्या खरेदीचे क्रमांकासह पक्के बिल आणि ते बसवणाऱ्या गॅरेजचे बिल विक्रेत्याकडे नसेल, तर ‘नवीन इंजिन’ ही केवळ ऐकीव गोष्ट समजावी.

यंत्राची परीक्षा मात्र जाणत्या मिस्त्रीकडूनच करवावी. प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजावा, तेलाचा फिल्टर कापून त्यात धातूचे कण आहेत का ते पाहावे आणि संगणकीय दोषनोंदी वाचून घ्याव्यात. जुने इंजिन फुटून बदलले असेल, तर तेलाचा कूलर व नळ्याही साफ केल्या वा बदलल्या होत्या का, हे विचारावे. तेथे राहिलेला चुरा नव्या इंजिनालाही गिळतो. बॉक्स्टरसारख्या गाडीत इंजिन आसनांच्या मागे दडलेले असते आणि कोणतेही झाकण उघडले तरी दिसत नाही. गाडी लिफ्टवर चढवल्यावाचून तपासणी पुरी होत नाही. तिचे रेडिएटर पुढच्या बंपरमागे असतात व त्यांत पाचोळा आणि धूळ साचते. पारा ४५ अंशांपलीकडे नेणाऱ्या वैदर्भीय उन्हाळ्यात ही बाब क्षुल्लक नाही. शक्य असल्यास गाडी भर दुपारी, एसी लावून, गर्दीच्या सिग्नलांतून चालवून पाहावी. सकाळच्या गारव्यात निर्दोष वाटलेले इंजिन दुपारी आपले खरे रूप दाखवते.

सौदा ठरल्यानंतर

पैसे देऊन किल्ली घेतली म्हणजे व्यवहार संपला, असा समज सर्वत्र आढळतो. फॉर्म २९ आणि ३० भरून मालकी बदलेपर्यंत कायद्याच्या दृष्टीने जुनाच मालक जबाबदार राहतो, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सांगितले आहे. म्हणून हस्तांतरणाची निकड विकणाऱ्यालाही तितकीच असावी. राज्यांतर्गत विक्रीत विक्रेत्याने १४ आणि खरेदीदाराने ३० दिवसांत कार्यालयास कळवायचे असते. विमा नावावर करण्यासाठीचा अर्ज १४ दिवसांत द्यायचा असतो. विमापत्रावरील इंजिन क्रमांकही नवाच हवा. अन्यथा नुकसानभरपाईच्या वेळी तोच आक्षेपाचा मुद्दा ठरतो.

या व्यवहाराला नीतीचीही बाजू आहे. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत तदाहृतादान, म्हणजे चोरीचा माल घेणे. विरुद्धराज्यातिक्रम, म्हणजे राज्याचे नियम डावलणे. आणि प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे अस्सल म्हणून नक्कल देणे, यांची गणना शास्त्रकारांनी केली आहे. व्यापारी परंपरा असलेल्या समाजाला हे शब्द नवे नाहीत. मूळ माहीत नसलेले इंजिन स्वस्त म्हणून डोळे मिटून घेणारा आणि बदललेले इंजिन मूळचे म्हणून खपवणारा, दोघेही याच मर्यादा ओलांडतात. उलट, इंजिन केव्हा, का व कोठे बदलले हे विक्रेत्याने न विचारता सांगितले आणि कागद पुढे ठेवले, तर त्या गाडीला चार पैसे अधिक देण्यातही तोटा नाही.

स्पोर्ट्स कारची हौस वाईट नव्हे. घरातील तरुणाने ती बोलून दाखवली, तर वडीलधाऱ्यांनी नकाराआधी आरसी बुक, बिले आणि इंजिनावरचा क्रमांक त्याच्यासोबत बसून पडताळावा. तिन्ही ठिकाणचे आकडे एक असतील, तर पुढचा विचार करावा. नसतील, तर कितीही देखणी गाडी असली तरी बयाणा देऊ नये.