बोटभर निळे बुटके आणि संग्रहाची मर्यादा

बेल्जियमचे चित्रकार पेयो यांनी १९५८ मध्ये ‘स्पिरू’ साप्ताहिकातील चित्रकथेत स्मर्फ नावाचे निळे बुटके प्रथम रेखाटले. १९६५ पासून जर्मनीतील श्लाइख कंपनीने त्यांच्या पीव्हीसी प्लास्टिकच्या बाहुल्या घडविण्यास प्रारंभ केला. सुमारे पाच सेंटिमीटर उंचीची ही मुलांची खेळणी आज प्रौढांच्या काचेच्या कपाटांत विराजमान आहेत.

जाणकार संग्राहक बाहुली हाती घेताच प्रथम तिचा तळ पाहतो. तेथील उत्पादकाचे व देशाचे ठसे, जसे पश्चिम जर्मनी, हाँगकाँग, पोर्तुगाल, तिचा काळ सुचवितात. मूळ रंग शाबूत असेल तर मोल अधिक. नव्याने रंगविल्यास ते घटते. मात्र पीव्हीसीला मऊपणा देणारे द्रव्य कालांतराने बाहेर झिरपून बाहुली चिकट होऊ शकते. म्हणून तिला उष्णतेपासून व उन्हापासून जपावे लागते.

व्यापारी कुटुंबांनी येथे हिशेबही पाहावा. या वस्तूस व्याज नाही, लाभांश नाही. ग्राहक मिळेपर्यंत तिची किंमत केवळ कागदावर. शिवाय एकाच बाहुलीचे रंगभेदाने अनेक प्रकार निघाल्याने संच पूर्ण झाल्याचे समाधान सहसा लाभत नाही.

तत्त्वार्थसूत्राने आसक्तीलाच परिग्रह म्हटले आहे. श्रावकाचे परिग्रह-परिमाण व्रत मर्यादा आधीच ठरविण्यास सांगते. छंदालाही तोच नियम लावता येईल: कपाटाची एकच फळी आणि वर्षाची ठरावीक रक्कम. फळी भरल्यावर नवी बाहुली आणण्यापूर्वी जुनी एक दुसऱ्या संग्राहकास द्यावी. ती देताना हात अडखळला, तर छंदाचा परिग्रह होऊ लागला आहे असे समजावे.