हिमफळीचा गाभा व थर

१९६५ सालीं अमेरिकेंत मिशिगन संस्थानांत शर्मन पॉपन यांनीं मुलीसाठीं दोन स्की जोडून फळी केली. आजच्या स्नोबोर्डची ती पूर्वज. अशी फळी घरीं करणाऱ्यानें प्रथम गाभ्याची जाडी ठरवावी. निव्वळ लाकडाचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणांत वाढतो. ७ मिलिमीटरांचे ८ केले, तर तो जवळजवळ दीडपट होतो. म्हणून गाभा पायांखालीं जाड ठेवून टोंकांकडे पातळ तासतात. स्वाराच्या भारानें फळीची वरची बाजू दाबली जाते, खालची ताणली जाते. हा ताण मुख्यतः काचतंतूंचे थर पेलतात. लांबीचे धागे वांकण्यास, तर ४५ अंशांचे तिरपे धागे पिळवटण्यास विरोध करितात. थर वाढविल्यास गाभा किंचित् पातळ करावा. नाहीं तर फळी वळावयाची नाहीं. दोन्ही कमी पडल्यास ती भर उतारावर मोडेल. राळ वाळल्यावर चूक सुधारतां येत नाहीं. म्हणून आधीं अरुंद पट्टी करून, तीस वजन टांगून पाहणें हेंच शहाणपणाचें.